फुगा आभाळात, डबा वावरात

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास अंगणात आणि गच्चीवर असलेल्या विदर्भातल्या लोकांना आभाळातून जळत्या रेघा सरकताना दिसल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं, कुणाला क्षेपणास्त्राची शंका आली. अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पुढे आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी कक्षांच्या हिशेबावरून सांगितलं.

आभाळातून काही पडलं की मुलं लगेच उलटा प्रश्न विचारतात: मग आपल्याला काही वर सोडता येईल का? उत्तर होकारार्थी आहे, पण सरसकट नाही. पाण्याच्या दाबावर उडणारा बाण आज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर उडवता येतो. ३० किलोमीटर उंच जाणारा फुगा गटाने, लेखी परवानगी घेऊन सोडता येतो. इंधनाचा अग्निबाण मात्र घरच्या अंगणातली गोष्ट नाही. वऱ्हाडातल्या विज्ञान मंडळांनी, शाळांनी, अभियांत्रिकीच्या मुलांनी या तिन्ही वाटा नीट समजून घ्याव्यात. कारण वर सोडणं हा या छंदाचा सोपा अर्धा भाग आहे. सोडलेलं सुखरूप खाली आणून शोधणं हा खरा छंद.

बाटलीचा बाण

थंड पेयाची २ लिटरची रिकामी बाटली, रबरी बूच, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, हवा भरायचा पंप आणि पुठ्ठा, एवढ्यावर सुरुवात होते. बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी घ्यायचं, म्हणजे ६०० ते ७०० मिलिलिटर. बुचात व्हॉल्व्ह घट्ट बसवून बाटली उलटी उभी करायची आणि पंप मारायला लागायचं. आत हवा दाबली जाते, दाब बुचाला पेलवेनासा झाला की बूच सुटतं, पाणी जोरात खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. पाणी पूर्ण बाहेर पडायला सेकंदाचा काही अंश पुरतो. त्यानंतर बाटलीला ढकलणारं फारसं काही उरत नाही. मिळालेल्या वेगावरच ती चढत राहते.

न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहून मुलांच्या मनात जितका उतरत नाही, तितका या एका उड्डाणात उतरतो. पण खरी मजा पुढे आहे. पाणी अजिबात न घालता फक्त हवा भरून बघा: फुस्स आवाज येतो, बाटली थोडी उडते आणि पडते. कारण फेकायला वजनच नाही. बाटली काठोकाठ भरून बघा: आता दाबून ठेवायला हवेला जागा नाही, म्हणून ती जडपणे हलते आणि सगळ्यांना भिजवते. या दोन टोकांच्या मधे कुठे सर्वांत जास्त उंची मिळते, ते मुलांनी स्वतः शोधायचं. शिक्षकाने आधी उत्तर सांगू नये, ही माझी आग्रहाची विनंती.

दुसरा धडा सरळ उडण्याचा. नुसती बाटली हवेत कोलांट्या खाते. तिला मागच्या बाजूला पुठ्ठ्याचे तीन किंवा चार पंख चिकटवायचे आणि नाकाकडे थोडं वजन द्यायचं. पुठ्ठ्याच्या टोपीत भिजवलेल्या मातीचा गोळाही चालतो. बाणाचं वजन ज्या बिंदूपाशी तोललं जातं, तो बिंदू वारा जिथे जोर लावतो त्या बिंदूच्या पुढे, नाकाच्या बाजूला हवा. तपासण्याची पद्धत सोपी. बाण जिथे तोलला जातो तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचा. नाक पुढे ठेवून फिरला तर उडवायला योग्य. आडवा झाला किंवा शेपूट पुढे करून फिरला तर नाकाचं वजन वाढवायचं किंवा पंख मोठे करायचे.

उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एक नट लटकवायचा. उड्डाणाच्या जागेपासून ५० पावलं मोजून उभं राहायचं आणि बाण सर्वांत वर असताना कोनमापकाच्या सरळ कडेवरून त्याच्यावर नजर धरायची. कोन ४५ अंश आला तर बाण जितका दूर तितकाच उंच. बाकीच्या कोनांसाठी दहावीतली त्रिकोणमिती आहेच.

सुरक्षेचं एकदाच पण स्पष्ट सांगतो. दाब ६० पीएसआयच्या वर नेऊ नका, म्हणून दाब दाखवणाराच पंप घ्या. चरे पडलेली, उन्हात तापलेली, पुष्कळदा वापरलेली बाटली टाकून द्या. दाब भरल्यावर बाटलीवर कुणीही वाकायचं नाही. अडकली तर लांबून दोरी ओढून पाडायची. डोळ्यांना चष्मा हवाच.

इंधनाला हात लावू नका

आपल्या भाषेत रॉकेटला जुना शब्द बाण. दिवाळीतही आपण बाणच उडवतो. मराठ्यांच्या फौजांत बाणदारांची पथकं असत आणि म्हैसूरच्या लोखंडी नळीच्या बाणांवरूनच इंग्रजांनी आपले बाण तयार केले. विसाव्या शतकात स्टीफन स्मिथ या कलकत्त्याच्या हौशी माणसाने १९३४ ते १९४४ या काळात सुमारे २७० बाण उडवले, त्यांतल्या ८० च्या आसपास बाणांतून टपाल पाठवलं. १९३५ साली त्याने दामोदर नदीपलीकडे एका बाणातून कोंबडा आणि कोंबडी पाठवली, आणि दोन्ही जिवंत पोचली. भारतीय टपाल खात्याने १९९२ साली, त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढलं. म्हणजे हौशी अग्निबाणाची परंपरा आपल्याला परकी नाही.

तरी घरी इंधन बनवायचं नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात अशीच हौशी मुलं रसायनं मिसळताना जखमी होत होती. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात तयार होणारी, एकदाच वापरायची छोटी इंजिनं निघाली. मुलांनी बाण बनवायचा, इंजिन विकत आणायचं. आपल्याकडे स्फोटक पदार्थांना १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याशिवाय असं मिश्रण बनवणं किंवा साठवणं गुन्हा आहे. गुन्ह्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे बोटं आणि डोळे परत येत नाहीत. इंटरनेटवर दिसणाऱ्या कृती करून पाहणाऱ्या मुलांच्या पालकांनी इथे कठोर व्हावं.

खऱ्या इंधनाचा अनुभव हवा असेल तर संस्थेची वाट आहे. इस्रो, इन-स्पेस आणि ॲस्ट्रोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटच्या स्पर्धा घेतात. कॅनसॅट म्हणजे डब्याच्या आकाराचं उपकरण. ते बाणातून सुमारे १,००० मीटर उंच न्यायचं आणि खाली येताना त्याने मोजमापं पाठवायची. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी संघ उतरवावा असं हे ठिकाण आहे.

फुगा कसा चढतो, का फुटतो

आता मोठी उंची. हवामानाचा फुगा लॅटेक्स रबराचा असतो. समजा, डबा आणि पॅराशूट मिळून १ किलो, फुगा स्वतः सव्वा किलो आणि चढण्यासाठी लागणारा जादा जोर १ किलोचा. १ घनमीटर हेलियम जमिनीजवळ साधारण १ किलो उचलतो. म्हणजे सव्वातीन घनमीटर वायू भरावा लागेल. मोठ्या सिलिंडरात सुमारे ७ घनमीटर मावतो, तेव्हा एक सिलिंडर पुरे. हवामान खातं हायड्रोजन वापरतं, कारण तो स्वस्त आणि जागेवर तयार करता येतो. हौशी गटाने मात्र हेलियमच घ्यावा. तो महाग पडतो, कारण आपण तो आयात करतो. पण हायड्रोजनला एक ठिणगी पुरते आणि लॅटेक्सवर स्थिर वीज सहज साचते.

भरलेला फुगा जमिनीवर पावणेदोन-दोन मीटर व्यासाचा, माणसाच्या उंचीचा दिसतो. तो ढिला असतो आणि उघड्या हातांनी धरायचा नसतो, सुती हातमोजे घालायचे, कारण हाताचं तेल आणि नखं रबराला इजा करतात. सेकंदाला ५ मीटर वेगाने तो चढू लागतो. वर हवेचा दाब कमी होत जातो, तसा आतला वायू पसरतो. ३० किलोमीटरवर बाहेरचा दाब जमिनीच्या साधारण ऐंशीवा भाग असतो. फुग्याचा व्यास तिथे ७ मीटरच्या वर जातो, एखाद्या दुमजली घराएवढा. रबर ताणून ताणून अखेर फाटतं, आणि तेच अपेक्षित असतं. मग पॅराशूट उघडतं. विरळ हवेत ते फारसं धरत नाही, म्हणून सुरुवातीला डबा वेगाने कोसळतो. दाट हवेत आल्यावर सेकंदाला ५-६ मीटरवर येतो. जायला सुमारे शंभर मिनिटं, यायला अर्धा-पाऊण तास.

एक शब्द दुरुस्त करायला हवा. अशा उड्डाणांच्या बातम्यांत "विद्यार्थ्यांनी उपग्रह सोडले" असं छापून येतं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या उपक्रमात १०० छोटी उपकरणं फुग्याने वर गेली, ती बनवणाऱ्यांत महाराष्ट्रातली, नागपूर महापालिकेच्या शाळांतलीसुद्धा पुष्कळ मुलं होती. ते शिक्षण मोलाचं होतं. पण फुगा कक्षेत काही सोडत नाही. अवकाशाची सर्वसाधारण सीमा १०० किलोमीटरवर धरतात आणि फुगा तिच्या निम्म्यापर्यंतही जात नाही. मुलांना हे खरं सांगितलं तरी त्यांचा आनंद कमी होत नाही.

आपल्याकडचे मोठे फुगे

हौशी फुग्याचे मोठे भाऊ महाराष्ट्राच्या विज्ञानात फार आधीपासून आहेत. होमी भाभांनी १९४० च्या दशकातच विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादला फुग्यांचं कायमचं केंद्र उभारलं. तिथून अतिशय पातळ पॉलिथिनचे, ५० ते ८५ मीटर व्यासाचे फुगे दुर्बिणी आणि शोधक घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात.

त्यातला मराठी वाचकाच्या जवळचा प्रयोग जयंत नारळीकरांचा. पृथ्वीवरचं जीवन वरून, अवकाशातून आलं असेल का, हे तपासायला ४० किलोमीटरच्या आसपासची हवा गोळा करायची होती. २१ जानेवारी २००१ ला पहिलं उड्डाण झालं, २० एप्रिल २००५ ला दुसरं. दुसऱ्यात ४५९ किलोचं उपकरण होतं. त्यातल्या निर्जंतुक नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या, म्हणजे झडप उघडताच वरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठावी. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात नमुने घेतले गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात त्यांची स्वतंत्र तपासणी झाली. २००९ साली जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. हे जीव वरून आले की खालून वर गेले, याचा निकाल त्यातून लागला नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. एका फुग्याने विचारलेला प्रश्न किती मोठा असू शकतो, एवढं मात्र त्यातून दिसलं.

रोजचा फुगा याहून साधा आहे. नागपूरच्या हवामान केंद्रातून सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगा सोडतात, जगभरच्या अशा केंद्रांबरोबर एकाच वेळी. त्याला लटकलेलं हलकं उपकरण तापमान, आर्द्रता आणि दाब रेडिओने कळवतं; त्याच्या सरकण्यावरून वारा कळतो. पावसाचा अंदाज सांगताना याच आकड्यांचा आधार असतो.

वऱ्हाडचा वारा

फुगा कुठे पडेल, हे हौशी गटाने सोडण्याआधी सांगता आलं पाहिजे, आणि इथे आपला प्रदेश फार अनुकूल आहे. हिवाळ्यात विदर्भावर वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. १२ किलोमीटरच्या आसपास तो सर्वांत जोरात असतो, १६ किलोमीटरच्या वर गेलं की मंदावतो. सरासरी वारा सेकंदाला २० मीटर धरा. १६ किलोमीटर चढायला ३,२०० सेकंद लागतात, तेवढ्यात फुगा ६४ किलोमीटर पूर्वेला सरकतो. उतरताना आणखी २५-३० किलोमीटर. अकोला ते अमरावती हवाई अंतर साधारण ८० किलोमीटर. म्हणजे अकोल्याच्या पश्चिमेला, बाळापूरकडे सोडलेला फुगा मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या पट्ट्यात उतरण्याची शक्यता मोठी. नेमका तिथूनच राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. याच पट्ट्यात लोणी ते माना हा एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला होता. पाठलागाच्या गाडीला एवढा सरळ, फुग्याच्या वाटेखालून जाणारा रस्ता राज्यात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

पूर्णेचं खोरं सपाट आहे, माती काळी आहे, डोंगर दूर आहेत. पण उत्तरेला मेळघाट आहे. वारा नैर्ऋत्येकडून असला तर डबा सातपुड्यात जाईल. तिथे रस्ते नाहीत, मोबाइलची रेंज नाही आणि व्याघ्र प्रकल्पात विनापरवाना शिरता येत नाही. त्या दिवशी फुगा सोडू नये, कितीही तयारी झालेली असो.

महिनाही पिकं पाहून ठरवावा. नोव्हेंबर-डिसेंबरात सोयाबीन निघालेलं असतं, पण तूर डोक्याएवढी उभी असते आणि पऱ्हाटीत कापूस वेचणं चालू असतं. तुरीत पडलेला डबा दहा पावलांवरून दिसत नाही, आणि शोधणारे पाय शेतकऱ्याचं नुकसान करतात. हरभरा-गहू निघाल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत वावरं मोकळी होतात. माझ्या मते हाच आपला हंगाम. पावसाळा वर्ज्य. तेव्हा वरच्या थरात वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, ढगांमुळे फुगा दिसत नाही आणि काळ्या मातीच्या चिखलात गाडी रुतते.

वरून काय दिसेल? ३० किलोमीटरवरून क्षितिज हिशेबाने सुमारे ६१८ किलोमीटर दूर असतं. अकोल्याहून मुंबईचा किनारा साधारण ४७० किलोमीटर. हवा स्वच्छ असली तर अकोल्यावर तरंगणाऱ्या कॅमेऱ्याच्या क्षितिजात एका बाजूला अरबी समुद्र असतो. भरदुपारी आकाश काळं असतं, आणि पृथ्वीची कडा वाकलेली दिसते.

डब्यात काय असावं

थर्मोकोलचा डबा उत्तम. हलका असतो, ऊब धरतो, आपटला तरी वाचतो. १६-१७ किलोमीटरवर आपल्या आभाळात तापमान उणे ७५ ते ८० अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा साधे सेल मान टाकतात. लिथियमचे सेल घ्यावेत. जीपीएसचे अनेक सुटे भाग १८ किलोमीटरच्या वर स्थान सांगणं थांबवतात, कारण ते क्षेपणास्त्रांत वापरले जाऊ नयेत म्हणून तशी मर्यादा घातलेली असते. उंच उड्डाणासाठी चालणारा भाग निवडून त्याची तशी मांडणी आधीच करून ठेवावी लागते. फक्त मोबाइलवर भिस्त ठेवू नये. काही किलोमीटर वर गेलं की त्याचा संपर्क तुटतो आणि उतरल्यावर रेंज असेलच असं नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात चालणारं लोरा हे कमी शक्तीचं रेडिओ उपकरण हौशी गटांना सोयीचं. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेला एखादा सदस्य गटात असेल तर फारच चांगलं. त्याची परीक्षा अवघड नाही.

परवानगी आधी

नागपूरच्या आभाळात देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हवाई मार्ग एकमेकांना छेदतात. अकोल्याला शिवणी, अमरावतीला बेलोरा विमानतळ आहे, आणि बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानंही उडतात. वर सांगितलेली फुग्याची वाट नेमकी बेलोऱ्याजवळून जाते, हे विसरता येणार नाही. मानवरहित मुक्त फुग्यांना विमान वाहतुकीचे नियम लागू आहेत. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ४ किलोपेक्षा कमी भाराचा फुगा हलका धरला जातो, पण हलका म्हणजे विनापरवाना असा अर्थ नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, हवाई वाहतूक नियंत्रण, जिल्हाधिकारी आणि पोलीस यांच्याकडे पत्रं काही महिने आधी जायला हवीत, आणि ती एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा नोंदणीकृत मंडळाच्या नावाने जावीत. एकट्यादुकट्याने फुगा सोडू नये. नियंत्रण कक्षाने त्या सकाळी थांबा म्हटलं तर वायू भरायचा नाही.

डबा सापडला तर

डब्यावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावं: हे शाळेचं हवामान उपकरण आहे, धोका नाही, या क्रमांकावर फोन करा. ज्यांच्या वावरात तो पडेल, त्यांची परवानगी घेऊन आत जावं, धुऱ्यावरून चालावं, आणि शेतकऱ्याला त्यातला एखादा फोटो छापून द्यावा.

आणि वाचकांना एवढंच सांगणं. आपल्या वावरात पॅराशूटला बांधलेला डबा दिसला, मग तो हवामान खात्याचा असो, टाटा संस्थेचा असो की कुठल्या शाळेचा, तर तो उघडू नका. मोठ्या उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते. टाटा संस्थेच्या जाहीर सूचनांत तर उपकरण न उघडता कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्च देण्याचं म्हटलेलं असतं. डबा आहे तिथेच राहू द्या, त्यावरचा मजकूर वाचा, आणि पोलीस ठाण्यात किंवा लिहिलेल्या क्रमांकावर कळवा.